सतराव्या लेण्यातील चित्र

अजिंठ्याची लेणी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. वाघूर नदीच्या वळणावर, नालेच्या आकाराच्या उभ्या कड्यात ती कोरलेली आहेत. त्यांतील सतरावे लेणे पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात तयार झाले. गाभाऱ्याबाहेरच्या भिंतीवर तेथे एक चित्र आहे. त्याच्यापुढे माणूस नकळत थांबतो.

गौतम बुद्ध दारी भिक्षेला आले आहेत. दारात पत्नी यशोधरा आणि मुलगा राहुल उभे आहेत. बुद्धांची आकृती भव्य आहे. तिच्यापुढे मायलेक अगदी लहान दिसतात. चित्रकाराला प्रमाण कळत नव्हते काय? तसे मुळीच नाही. याच लेण्यातील हत्ती आणि माकडे पाहा, किती हुबेहूब आहेत! येथे उंची शरीराची नाही, थोरवीची आहे.

बुद्धांच्या मस्तकामागे प्रभामंडल आहे आणि वर छत्र धरलेले आहे. छत्र हे राजाचे चिन्ह. पण हातात काय आहे? भिक्षापात्र! तुम्ही त्याला कश्कोल म्हणाल. राज्य सोडून गेलेल्या माणसाच्या डोक्यावर छत्र आणि हातात कश्कोल, हे दोन्ही चित्रकाराने एकाच आकृतीत दाखवले आहे. समोर यशोधरा मात्र दागिन्यांनी नटलेली आहे. ती मान वर करून पाहते आहे. तिच्या डोळ्यांत राग आहे की आशा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

बौद्ध ग्रंथांत ही कथा येते. आईने राहुलला सांगितले, "ते तुझे वडील. त्यांच्याकडे आपला वारसा माग." (वारसा हा शब्द तुमच्या ओळखीचा आहेच.) मुलाने वारसा मागितला आणि बुद्धांनी त्याला भिक्षुसंघात घेतले. आजोबा शुद्धोदन फार दुःखी झाले. मुलगा गेला होता, आता नातूही गेला. त्यांच्या विनंतीवरून बुद्धांनी नियम केला, की आईवडिलांच्या परवानगीवाचून कोणत्याही मुलाला संघात घेऊ नये.

चित्रकाराने यातले पुढचे काहीच रंगवले नाही. मागणे आणि मिळणे यांच्यामधला एक क्षण तेवढा त्याने निवडला.

अजिंठा पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. तेथील पुरातत्त्व विभागाचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी या चित्रांवर मोठे ग्रंथ तयार केले. त्यांचा पहिला भाग 1930 मध्ये निघाला. लेण्यात प्रकाश मंद असतो आणि रंगही बरेच उडाले आहेत. म्हणून तेथे जाण्यापूर्वी ग्रंथालयात ते ग्रंथ मिळाले तर जरूर चाळा.