आधी चिठ्ठी वाचा, मग बाटली घ्या

मार्गशीर्षात माझ्या १८ कोंबड्यांनी अंडी बंद केली, तेव्हा सगळ्यांनी बोट माझ्याकडेच दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. शेजारीण म्हणाली, हातगुण नाही. खाद्य देणारा दुकानदार तर माझ्याशी बोलतच नसे. मी समोर उभी असताना यांच्याकडे बघून म्हणायचा, "दादा, वहिनींना सांगा, कोंबड्यांत ताकद नाही." आणि टॉनिकची बाटली पुढे सरकवायचा. अशा ३ बाटल्या घेतल्या. बिल एकीचंही नाही.

दिवाळीपर्यंत रोज ९-१० अंडी मिळत होती. मग कवच पातळ झालं, धरलं की अंगठा आत जाई. एके दिवशी खुराड्यात नुसत्या पापुद्र्यातलं अंडं सापडलं. पुढे तेही नाही. कोंबड्या मात्र जड होत चालल्या होत्या. हे सगळं मी दुकानदाराला सांगितलं होतं, एकदा नाही, दोनदा.

उलगडा झाला पोत्याची शिवण उसवताना. शिवणीतली चिठ्ठी मी दर वेळी दोऱ्यासकट चुलीत टाकायची. त्या दिवशी लेकीने ती उचलून वाचली: ब्रॉयलर फिनिशर. म्हणजे मांसाच्या पक्ष्यांचं, वजन वाढवायचं खाद्य. त्यात कॅल्शियम जेमतेम टक्काभर. अंड्यावरच्या कोंबडीला ते तीन-साडेतीन टक्के लागतं, कारण कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचंच असतं. पैसे मी लेअर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या, खाद्याचे मोजले होते! महिनाभर ऐकून घेतलेलं एकेक बोलणं तेव्हा आठवलं.

चिठ्ठी घेऊन दुकानात गेले. "पोतं बदललं असेल," एवढंच उत्तर. वर म्हणाला, "कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यात, काढून टाका. माझ्याकडे तलंगा आल्यात." माझे पक्षी वर्षाचेही नव्हते. चूक झाली, हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

दुसरं कारण आमच्याच घरातलं होतं, तेही सांगते. ऊसतोड सुरू झाली की जुन्नर-आंबेगावात बिबट्या थेट दाराशी येतो. त्या भीतीने आम्ही ५ वाजताच खुराडं लावायचो आणि सकाळी ८ला उघडायचो. थंडीत दिवस आधीच ११ तासांचा, त्यात कोंबड्यांना उजेड मिळाला ९ तास. अंडं धरायला १४ ते १६ तास उजेड लागतो. आता पहाटे ४ला दिवा लावते, पेपर वाचता येईल एवढाच. वेळ एकदम वाढवू नका, आठवड्याला अर्धा तास पुरे. दिवा पहाटेच लावावा. संध्याकाळी लावून अचानक विझवला तर पक्षी अंधारात खाली अडकतात. खुराडं मात्र उघडायचं नाही, जाळी मजबूत हवी.

कोंबडी अंड्यावर आहे का, हे हाताने कळतं. शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसली, तुरा लाल असला, तर ती चालू आहे. जेमतेम एक बोट बसलं आणि तुरा सुकलेला दिसला, तर बंद. पिसं गाळत असेल तर दोन-तीन महिने धीर धरा, सगळी ताकद नव्या पिसांत जाते. खुडूक बसली असेल तर जाळीच्या तळाच्या, हवेशीर पिंजऱ्यात ३-४ दिवस ठेवा. पाण्यात बुडवू नका, ते जिवावर बेततं. एखादी उसात चोरून अंडी घालते, तेही बघा. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. जंताचं औषध आणि मानमोडीची लस वेळेवर द्या. पाणी स्वच्छ ठेवा.

अडलं तर नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. विकणाऱ्याला औषध विचारलं तर तो विकणारच. आणि बायांनो, पोतं आपल्या हाताने उसवा, चिठ्ठी वाचा, बिल मागा. "दादांना सांगतो" म्हणणाऱ्या दुकानात पाऊल टाकू नका.

खाद्य बदललं, दिवा लावला, आणि चौथ्या आठवड्यात पहिलं अंडं मिळालं, टणक कवचाचं. सासूबाईंच्या हातावर ठेवलं. ती चिठ्ठी मी अजून डब्यात जपून ठेवली आहे.