एरिओकार्पस घ्यायचा तर पैसे कशाचे मोजायचे?

निवडुंगांच्या नर्सरीत कधी कधी एकाच फळीवर दोन एरिओकार्पस दिसतात. दोन्ही जेमतेम दोन इंची, करडे, बसके. एकावर हजाराच्या आतबाहेर किंमत, दुसऱ्यावर तीन हजारांची. कुंडीच्या तोंडाशी वाकून पाहिलं की उलगडा होतो. स्वस्त रोप दुसऱ्या निवडुंगाच्या हिरव्या खुंटावर बसवलेलं असतं, महाग रोप स्वतःच्या मुळावर असतं. कलमाला हा आकार गाठायला दोन-तीन वर्षं पुरतात. स्वतःच्या मुळावर त्यालाच सात-आठ वर्षं सहज लागतात, फूल यायला दहासुद्धा. वरचे पैसे या वर्षांचे असतात. ते रास्तच आहेत, असं माझं मत.

एरिओकार्पस मूळचा मेक्सिकोचा. फिसुरॅटस ही एक जात सीमा ओलांडून टेक्सासमध्येही सापडते. चिवावाच्या वाळवंटात चुनखडीच्या खड्यांत हे झाड असं रुतून बसतं, की फुलावर नसेल तर पाय पडेपर्यंत कळत नाही. बोचणारे काटे नाहीत, वर त्रिकोणी उंचवटे, खाली गाजरासारखी जाड मुळी. त्याच्या किमतीचं वेडही जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात कोचुबेयानस ही जात युरोपात पोचली तेव्हा तिच्या एका रोपाला वजनाच्या सोन्याहून जास्त पैसे मिळाले, असं निवडुंगवाले अजून सांगतात.

आता आजचे भाव. ते नर्सरीगणिक आणि जातीगणिक बदलतात, म्हणून हे आकडे अंदाजापुरतेच धरा. दहा बिया दीड-दोनशे रुपयांत मिळतात, पण पहिली दोन वर्षं वाटाण्याएवढ्या रोपांची राखण करायची तयारी हवी. स्वतःच्या मुळावरचं इंचभर रोप पाचशे ते बाराशेला पडतं. तीन-चार इंची, फुलणारं झाड पाच हजारांपासून पुढे कितीही. पहिल्यांदा घेणाऱ्याने इंचभर रोपापाशी थांबावं. मोठं झाड कुजलं तर पैशांबरोबर दुसऱ्या कुणाची दहा वर्षंही जातात.

कुंडी आणि माती स्वस्तात होते. कुंडी मुळीपेक्षा दोन बोटं खोल असावी. भरायला प्युमिस, परलाइट, चाळलेला विटांचा चुरा, मूठभर चुनखडीचे खडे आणि नावाला कुजलेलं खत. कोकोपीट टाळलेलं बरं, ते आतून ओलं राहतं. एका कुंडीचा सगळा खर्च शंभर-दीडशेत भागतो. ‘स्पेशल कॅक्टस मिक्स’च्या रंगीत पिशवीत पुष्कळदा कोकोपीटच जास्त असतं, तेव्हा पिशवीमागचा मजकूर वाचून घ्या.

खरा खर्च छपराचा, आणि आपल्याकडे तो टाळता येत नाही. चिवावातही पाऊस उन्हाळ्यातच येतो, जुलै ते सप्टेंबर. म्हणजे झाडाचा वाढीचा हंगाम आपल्या पावसाळ्याशी जुळतो. पण तिथे वर्षाला अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. पुण्यात त्याच्या तिप्पट, कोकणात दसपट आणि वर. शिवाय पाऊस थांबला तरी आपली हवा दमटच असते. गच्चीत तीन बाय चार फुटांचा लोखंडी स्टँड आणि वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा करून घेतला तर तीन ते पाच हजार लागतात. बाजू उघड्या ठेवा. मुंबई-ठाण्यात बंदिस्त बाल्कनी असेल तर छोट्या पंख्याचे हजारभर धरा. पंधराशेचं रोप आणि चार हजारांचं छप्पर हे व्यस्त वाटेल, पण छपराखाली पुढे वीस कुंड्या राहतात.

पाणी माती तळापर्यंत सुकल्यावरच, संध्याकाळी द्यावं. एप्रिल-मेमध्ये लहान रोपांवर शेडनेट हवी. पावसाळी हवेत हात आखडता घ्यावा. शरद ऋतूत फूल येतं, ते सरलं की थंडीभर कुंडी जवळजवळ कोरडी. मुळांवरचा पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी हे दोन शत्रू. औषधाची दोन-अडीचशेची बाटली बरीच वर्षं पुरते. कुंडी बदलताना मुळी तुटलीच, तर ती सावलीत आठवडाभर सुकू द्या आणि मगच लावा.

एका बाबतीत मात्र स्वस्ताई संशयास्पद समजावी. मोठं, खडबडीत, एका बाजूला खरचटलेलं, मुळी छाटलेलं झाड कुणी दोन हजारांत देत असेल, तर ते रानातून उपटलेलं असण्याचा संभव आहे. टेक्सासमधून फिसुरॅटस उपटून विकणाऱ्यांना अमेरिकेत शिक्षा झाल्या आहेत. एरिओकार्पसच्या साऱ्या जाती साइट्स (CITES) या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहेत, आणि 2022 च्या दुरुस्तीने त्या कराराची अंमलबजावणी आपल्या वन्यजीव कायद्यात आली. परदेशातून रोप मागवायचं तर साइट्सची कागदपत्रं, तिथलं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र आणि आपल्याकडचा आयात परवाना, तिन्ही लागतात. साध्या पाकिटातून ‘गिफ्ट’ म्हणून पाठवतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. देशातल्या नर्सरीतून घेतानाही पावतीवर ‘बियांपासून वाढवलेले’ असं लिहून मागा. चांगला नर्सरीवाला त्याला हरकत घेत नाही.

कुरिअरने मागवायचं असेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, मातीशिवाय, कागदात गुंडाळून. भर पावसात सवलतीला भुलू नका. जात निवडताना सुरुवात रेटुसस किंवा फिसुरॅटसपासून करावी, त्या चुका पोटात घालतात. स्कॅफिरोस्ट्रिसचे फोटो पाहून हात शिवशिवतील, पण आधी रेटुससने छपराखाली दोन पावसाळे काढू द्यात.