मोटार अडखळते कशाने?

मनीषनगर हा नागपूरचा दक्षिणेकडचा भाग. वर्धा रोडवरून तिकडे वळले की रेल्वेचे रूळ आडवे येतात. पूर्वी तिथे फाटकाशी माणसे ताटकळत. आता रुळांवरून पूल झाला आहे.

या पुलाच्या चढावर आमच्या शेजारच्या काकांची मोटार एके दिवशी अडखळली. आम्ही गाडीतच होतो. पुढची रिक्षा बाजूला झाली, म्हणून काकांनी पाय एकदम दाबला. गाडीने वेग घ्यायचा, तर तिने झटका खाल्ला. क्षणभर इंजिनाचा दमच गेला. मग ती उडी मारून पुढे निघाली. मागून टेम्पो येत होता. त्याने करकचून ब्रेक लावला, म्हणून वाचलो.

बंद पडलेली गाडी माणूस ढकलून बाजूला तरी घेतो. पण अडखळणारी गाडी ऐन वेळी दगा देते. तेव्हा हा दोष लहान समजू नये.

काकांची मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी तुम्ही सिनेमात पाहिली असेल, तीच ही गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली. इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावरून ही गाडी 1964 पासून मुंबईत कुर्ल्याला होऊ लागली. पद्मिनी हे नाव तिला पुढे मिळाले. सन 2000 च्या सुमारास तिचा कारखाना थांबला. मुंबईतली या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली.

तुम्ही म्हणाल, आमच्या दारात कुठली आली मोटार? पण तुमच्या जुन्या मोटारसायकलीत कार्बोरेटर आहे. शेतातल्या पेट्रोलच्या फवारणी पंपातही तो असतो. त्याचे काम एकदा कळले, की सगळीकडे उपयोगी पडते.

चूल पेटवताना काय होते, ते आठवून बघा. लाकडे खूप कोंबली आणि वारा नसला, तर नुसता धूर होतो. वारा खूप आणि लाकूड थोडे, तर जाळ विझतो. इंजिनाचेही तसेच आहे. पेट्रोल नुसते जळत नाही. त्याला हवा लागते, आणि ती मापात लागते. 1 किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 15 किलो हवा लागते. 15 किलो हवा म्हणजे किती? 8 फूट लांब, 7 फूट रुंद आणि 8 फूट उंच अशी खोली भरेल एवढी!

हे मिश्रण करणारे भांडे म्हणजे कार्बोरेटर. त्याचा गळा मध्ये अरुंद असतो. पाटाचे पाणी अरुंद जागी जोरात धावते, तशी हवा या गळ्यातून जोरात जाते. जाता जाता ती बारीक भोकातून पेट्रोल ओढून घेते. या भोकाच्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात. शेजारी एक लहान वाटी असते. तीत पेट्रोल साठते. वाटीत तरंगता गोळा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. वाटी भरली की तो वर चढतो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. पाण्याच्या टाकीतला गोळा नळ बंद करतो ना, अगदी तसेच.

आता खरी गोम बघा. आपण पाय एकदम दाबला, की गळ्यातली झडप उघडते. हवा हलकी, ती लगेच आत धावते. पेट्रोल जड, ते मागे राहते. उघड्या हाताचे पोर पळत सुटते आणि पोते घेतलेला हमाल मागे राहतो, त्यातलाच प्रकार. त्या क्षणी आत नुसता वाराच वारा. इंजिनाचा जाळ विझू पाहतो. हे टाळण्यासाठी कार्बोरेटरात छोटा पंप बसवलेला असतो. पाय दाबला की तो पेट्रोलची एक पिचकारी गळ्यात मारतो. तेवढ्याने ती वेळ निभावते.

काकांनी गाडी आधी एका मिस्त्रीकडे नेली. त्याने बॉनेट उघडले, आत नजर टाकली आणि सांगितले, "कार्बोरेटर गेला. नवा टाका." काही तपासले नाही, काही विचारले नाही. काका घाबरले. पैशाचा आकडा मोठा होता.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. काका म्हणाले, "मिस्त्री, गाडी झटके खाऊन राहिली हो."

त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. आधी विचारले, "कधी खाते? सकाळी, का दुपारी? हळू पाय दाबला तं काय होते? एकदम दाबला तं काय होते?"

आम्हाला हे विचारणेच फार आवडले. वैद्य नाडी बघण्याआधी दुखणे विचारतो, तसे हे होते. कारण प्रत्येक उत्तराची वाट वेगळी आहे. फक्त सकाळी, गार इंजिनावर अडखळते? तर चोक बघा. सपाट रस्त्यावर, एकाच वेगातही दम सोडते? तर पेट्रोल पुरेसे येत नाही. गाळणी, नळी, जेट बघा. उभ्या गाडीचे इंजिनही थरथरते? तर कुठून तरी चोरटी हवा आत शिरते, किंवा प्लग आणि पॉइंट खराब आहेत. प्लग म्हणजे ठिणगी पाडणारा, आणि ठिणगीची वेळ पॉइंट ठरवतात. पुष्कळदा दोष ठिणगीचा असतो आणि शिव्या कार्बोरेटरला बसतात!

दुपारच्या दोषाचे कारण आमच्या विदर्भात निराळेच असते. नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा 45 अंशांवर जातो. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोल नळीतच उकळते आणि त्याची वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो. जुने ड्रायव्हर अशा वेळी इंजिन बंद करून पेट्रोलपंपावर ओले फडके ठेवत. इंजिन निवले की गाडी सुरू होते. तिथे नवा कार्बोरेटर टाकून काय होणार?

काकांची गाडी सकाळीही अडखळत होती आणि दुपारीही. हळू दाबले तर ठीक, एकदम दाबले की झटका. मिस्त्री म्हणाले, "मंग पिचकारी बघू."

त्यांनी इंजिन बंद ठेवले. जवळच्या माणसाला बिडी विझवायला लावली. इथे थट्टा नाही. पेट्रोलची वाफ दिसत नाही, पण एका ठिणगीने पेटते. मग हवेच्या गाळणीचे झाकण काढले. दिवसाउजेडी गळ्यात पाहत झडपेचा दांडा हाताने ओढला. दांडा हलताच पेट्रोलची धार दिसायला हवी. धार आली नाही. दोन थेंब ओघळले. इंजिन चालू असताना असे वाकून पाहू नये, बरं का. आतून भडका वर येऊ शकतो.

दोष सापडला. पण पंप चालत नाही म्हणजे काय झाले? मिस्त्रींनी बाजूचे स्क्रू काढले. आतला रबरी पडदा कडक होऊन तडकला होता. काही कार्बोरेटरांत पडद्याच्या जागी चामड्याची टोपी असते, ती सुकते.

रबर कशाने तडकले? एक तर वयाने. दुसरे कारण आजच्या पेट्रोलचे असू शकते. त्यात आता इथेनॉल मिसळतात. इथेनॉल म्हणजे एक प्रकारची दारूच. ती उसाच्या रसापासून, मळीपासून, मक्यापासून आणि तांदळापासून काढतात. शंभरात 20 भाग इथेनॉलचे लक्ष्य 2025 साली गाठल्याचे सरकारने सांगितले. ऊस-मका पिकवणाऱ्याला त्यातून गिऱ्हाईक मिळते, परदेशी तेल कमी लागते, ते चांगलेच. पण जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी केलेले नव्हते. ते फुगते किंवा कडक होते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर वाटीत पाणी आणि गंज साठतो.

मिस्त्रींनी नवा पडदा बसवला. वाटी पुसून काढली. जेटच्या भोकात तार घातली नाही. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि पेट्रोलचे माप कायमचे बिघडते. त्यांनी सायकलच्या पंपाने हवा मारली. नळ्या तपासल्या आणि एक बदलली. मग पुन्हा दांडा ओढून दाखवला. या वेळी धार सरळ आली.

नव्या कार्बोरेटरच्या मानाने झालेला खर्च चिल्लरच होता. त्या संध्याकाळी काकांनी पुलावरून तीन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक चढाला पाय मुद्दाम एकदम दाबून पाहिला. कार्बोरेटर अजून तोच जुना आहे. पडदा मात्र दर वर्षी उन्हाळ्याआधी उघडून पाहायचा, असे मिस्त्रींनी सांगून ठेवले आहे.