गाडी मागून उचलण्याआधी

मी घेतलेला जुना पिकअप मागून चांगलाच उंच होता. विकणाऱ्याने तेच गाडीचं कौतुक म्हणून सांगितलं होतं, कांदा कितीही भरा, मागं बसत नाही. मोहोळहून माल भरून सोलापूरच्या मार्केट यार्डाकडे निघालो तेव्हा ती खरंच बसली नाही. पण ब्रेक मारला की लवकर थांबत नव्हती, आणि पुढच्या चाकांना जळका वास यायचा. लायनर बदलले, ब्रेक ऑइल बदललं, फरक शून्य.

शेवटी एका जुन्या पाटेवाल्या मिस्त्रींनी खाली शिरून टॉर्च मारला. एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये एकावर एक दोन लोखंडी गुटके, वेल्डिंगचे टाके मारून बसवलेले. यू-बोल्ट इतके आखूड की नटात जेमतेम आटे धरलेले. मग त्यांनी चासीपासून एक्सलकडे गेलेला एक बारीक दांडा दाखवला. "मालक, ब्रेकला काय झालं न्हाई. मागच्या चाकाला दाबच पोचंना."

हा दांडा लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचा. माल भरला की चासी खाली येते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गुटक्यांमुळे चासी उंचच राहिली, म्हणून भरलेली गाडीही व्हॉल्व्हला रिकामीच वाटत होती. थांबवायचा सगळा भार पुढच्या चाकांवर. उसाच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर ट्रॉल्या आणि बैलगाड्या किती असतात ते सोलापूरकरांना सांगायला नको. तिथे अशी गाडी चालवली, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून हात आखडता असेल तर माझं ऐका. गाडी उंच करू नका, तिची गेलेली उंची परत आणा. रिकामी गाडी सपाट जागी लावा, हवा सारखी ठेवा आणि चाकाच्या मध्यापासून बॉडीच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. तेच मॉडेल चांगल्या स्थितीत कुणाकडे असेल तर त्याचंही माप घ्या. एकच बाजू खाली असेल तर बहुतेक वेळा आतला एखादा पाटा तुटलेला निघतो. वरून तो दिसत नाही, ब्रशने माती झाडली की गंजाची रेघ सापडते.

पाट्यांचं काम दोन्ही बाजूंचं एकदमच करा. पाट्याला गॅसने तापवून कमान देऊ देऊ नका, वेल्डिंग तर नकोच. स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा त्याच जागी तुटतो. पैसे वाचवायचे तर बॉडीच्या रंगात वाचवा, यू-बोल्टमध्ये नको. जुने ताणलेले असतात, नवेच घ्या आणि पहिला माल वाहून झाला की पुन्हा आवळा. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच पूर्ण आवळायचे, लोंबकळत आवळले तर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. आपल्या काळ्या मातीत जॅक बघता बघता रुततो. पक्की जमीन, जॅकखाली जाड फळी, जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून अडण आणि चासीखाली दोन घोड्या, एवढं झाल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही.

काहीजण जादा पाटा टाकतात. त्याने गाडी कडक होते, आरसी बुकातलं वजन वाढत नाही. जास्त मालाला 2019 पासून 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 आहे. कंपनीने दिलेल्या रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. अपघात झाला तर विमावाल्यांना वाद घालायला आयतं कारण मिळतं, ते वेगळंच.

पाटे बसवून झाले की व्हॉल्व्हचा दांडा कंपनीच्या मापाने लावून घ्या. चाक पूर्ण लोंबकळवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, तेही बघा. मग थोडा माल भरून मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, कमी वेगात ब्रेक मारून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर तशीच परत मिस्त्रींकडे न्या, यार्डाकडे नको.