टाऊन हॉल : खांब आणि पायऱ्या

आपण सिव्हिलवाले इमारतीत बीम, कॉलम आणि लोड याच्यापलीकडे बघत नाही. बाकी ब्रँचवाले तेवढंही बघत नाहीत! म्हणून मुंबईच्या टाऊन हॉलबद्दल, म्हणजेच एशियाटिक सोसायटीच्या इमारतीबद्दल, चार गोष्टी सांगतो.

अठराव्या शतकात पॉम्पेईचे उत्खनन सुरू झाले, अथेन्सच्या देवळांची मापे छापली गेली आणि इंग्लंडमध्ये ग्रीक-रोमन धर्तीवर बांधण्याची लाट आली. हीच नवअभिजात शैली. बाथ शहरातली ‘रॉयल क्रेसेंट’ (१७६७-७४) बघा. घरं ३०, पण दर्शनी भाग सलग एकच आणि त्यावर ११४ खांब. जॉन वुड (धाकटा) याने फक्त समोरचा भाग ठरवून दिला. मागे ज्याने-त्याने सोयीप्रमाणे घर बांधलं. पुढून महाल, मागून खिचडी!

हीच शैली बोटीने मुंबईला आली. टाऊन हॉलचा आराखडा कर्नल थॉमस कूपर या लष्करी इंजिनीअरचा. १८२१ साली काम सुरू झालं. पैसा लॉटरीतून उभा केला, तो कमी पडला तेव्हा सरकारने भर घातली. कूपर १८२५ मध्येच वारला. इमारत पूर्ण झाली १८३३ साली. समोर ३० पायऱ्या आणि वर ८ डोरिक खांब. खांब इंग्लंडहून आणले होते. जोडीजोडीने उभे करायचे ठरले होते, पण ते इतके अवाढव्य निघाले की एकेकच लावले आणि उरलेले भायखळ्याच्या चर्चला दिले, अशी नोंद आहे.

आता आमच्या तिरोड्याकडे या. जुन्या घरांना कवेलूचं छप्पर, पुढे ओसरी, सागवानी खांब. उभा खांब आणि त्यावर आडवी तुळई, तत्त्व तेच! पण दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. आडवा टाकला की खालून तडकतो. म्हणून ग्रीकांच्या देवळात खांब दाटीने उभे असतात. लाकूड ताणही सोसतं, म्हणून ओसरीचे खांब दूर दूर चालतात. स्पॅन बघून मटेरियल ओळखायला मी ओसरीतच शिकलो.

खांबांचं गणित असं सुटतं, पायऱ्यांचं तेवढं सोपं नाही. एवढा उंच चौथरा बघणाऱ्याला आधी लहान करतो, मग आत घेतो. १८५८ च्या १ नोव्हेंबरला राणीचा जाहीरनामा वाचायला हीच जागा निवडली, ती उगीच नाही. १८०४ साली स्थापन झालेल्या सोसायटीत पहिले भारतीय सभासद, माणेकजी करसेटजी, आले ते १८४० साली. आज आत जगन्नाथ शंकरशेटांचा पुतळा दिमाखात बसला आहे. आणि दोष एकट्या इंग्रजांचा नाही; आपल्याही ओसरीवर एकेकाळी सगळ्यांना जागा नव्हती.

तेव्हा इंटरव्ह्यूसाठी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलात, तर सीएसएमटीहून चालत जाऊन ही इमारत जरूर बघा. खांब मोजा, अंतर बघा. आणि उद्या आपण ड्रॉइंग काढू तेव्हा एक प्रश्न विचारू या : या पायऱ्या कुणाला वर घेतात आणि कुणाला खालीच ठेवतात?