कानापुढील जन्मजात छिद्र आणि मधुमेह

कान जेथे गालास मिळतो तेथे, वरच्या अंगास, काही व्यक्तींना जन्मतःच टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते. कान टोचण्याशी त्याचा संबंध नाही. गरोदरपणी ग्रहणात मातेने काही चिरले म्हणून ते पडते, हा समजही निराधार होय. गर्भावस्थेच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास सहा लहान उंचवटे जुळून बाह्यकर्ण आकार घेऊ लागतो. ही जुळणी किंचित अपुरी राहिल्यास त्वचेचे अस्तर असलेली बारीक नळी मागे उरते. हॉइझिंगर यांनी १८६४ मध्ये तिचे वर्णन केले. पुष्कळदा हे छिद्र आनुवंशिक असते व बहुतेकांना आयुष्यभर त्रास देत नाही.

त्रास सुरू होतो तो नळीत मळ साचून जंतू शिरल्यावर. कानापुढे सूज येते, ठणका लागतो, पू वाहतो. अशा रुग्णास मधुमेह असल्यास दुखणे चिघळते. रक्तातील साखर वाढलेली असता पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची शक्ती मंदावते आणि जखम भरण्यास विलंब लागतो. उलट जंतुसंसर्गामुळे साखरही आणखी वाढते. म्हणून प्रौढ माणसाचे असे गळू वारंवार उठत असेल, तर रक्तातील साखर तपासलीच पाहिजे. कित्येकांना आपला मधुमेह अशा एखाद्या गळवामुळेच प्रथम कळतो.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या बारामती व इंदापूर तालुक्यांत ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. मधुमेह हा शहरी, स्थूल माणसाचा रोग, असे म्हणून चालत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत गर्भवती माता व त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. वजनाने लहान असलेल्या तेथील नवजात बालकांतही चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून असल्याचे त्यात दिसले. तेव्हा शेतात राबणारा सडपातळ माणूस मधुमेहापासून सुरक्षित आहे, असे गृहीत धरता येत नाही. गळीत हंगामात तर मजुरी बुडेल या भीतीने दुखणे अंगावर काढले जाते आणि मग खर्च मजुरीच्या कितीतरी पट होतो.

गळू दाबून फोडू नये. त्यावर चुना किंवा गरम तेल लावू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासता येते. तिशीनंतरच्या स्त्रीपुरुषांसाठी शासनाची मधुमेह तपासणीची योजना आहे. पुढील उपचारासाठी इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि बारामतीचे, २०१९ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उपलब्ध आहे. तेथे आधी प्रतिजैविके देतात, आवश्यक तर पू काढतात आणि साखर आटोक्यात आणतात. त्यासाठी काही दिवस इन्शुलिनही द्यावे लागते. पू निघाला की दुखणे गेले असे मानून रुग्ण परत येत नाही, ही मोठी अडचण आहे. नळी आतच असते. संसर्ग वारंवार होत असल्यास, तो शमल्यावर ती शाखांसह समूळ काढावी लागते. थोडाही अंश राहिल्यास गळू पुन्हा उठते.

ताप येऊन सूज गालाकडे किंवा डोळ्याकडे पसरू लागली, अथवा मधुमेही रुग्णास उलट्या व गुंगी येऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेही वृद्धाच्या कानाच्या आत रात्रंदिवस तीव्र ठणका लागून स्राव येत असेल, तर तो आजार या छिद्राचा नसून कवटीच्या हाडापर्यंत पोहोचू शकणारा निराळा व अधिक गंभीर संसर्ग असू शकतो. त्याचीही तपासणी विनाविलंब व्हावी.