दुःखाच्या घरी मदतीला जाताना

आपत्ती कोसळली की मदतीला धावणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नसते. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतला एक आमच्या जोगेश्वरीत झाला. एकंदर १८० हून अधिक माणसे दगावली, सातशेहून अधिक जखमी झाली. रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी चादरींच्या झोळ्या करून जखमींना बाहेर काढले. जखमी आणि मृत निरनिराळ्या रुग्णालयांत विखुरले, फोन लागेनात. नातेवाईक रात्रभर एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात शोध घेत राहिले.

जखम शिवायला डॉक्टर असतो. पण ज्याचे माणूस गेले त्याच्याजवळ कोणी बसायचे, काय बोलायचे? हे काम शेजारी, मंडळाचे कार्यकर्ते, महाविद्यालयीन मुले यांनाच करावे लागते. माळीण (२०१४) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथे दरडीखाली वस्त्या गेल्या तेव्हाही हेच झाले. म्हणून प्रत्येकाने हे थोडे शिकून ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली अशा स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचे सार तीन शब्दांत सांगता येते: पाहा, ऐका, जोडून द्या.

पहिले काही तास

एका कुटुंबाबरोबर शक्यतो तेच दोघे स्वयंसेवक राहावेत. हरवलेल्या माणसाचे नाव, वय, कपडे, अंगावरची खूण वहीत लिहून घ्यावी. खात्री नसताना ‘काही झालेलं नाही, सुखरूप असतील’ असे मुळीच म्हणू नये. खोटी आशा तुटली की धक्का दुप्पट बसतो.

मृत्यूची बातमी गर्दीत किंवा उभ्याउभ्या सांगू नये. बाजूला बसवून, जवळच्या नातलगासमोर, स्पष्ट शब्दांत सांगावी. ‘सीरियस आहे’ म्हणून वेळ मारून नेऊ नये. पार्थिव पाहायचे की नाही हे घरच्यांनी ठरवावे. मात्र काय दिसेल याची आधी कल्पना द्यावी आणि सोबत उभे राहावे. अपघाती मृत्यूत पोलीस पंचनामा व शवविच्छेदन यांना वेळ लागतो. तो का लागतो हे समजावून सांगणारा माणूस भेटला तरी संताप पुष्कळ निवळतो.

रडू द्यावे, गप्प राहू द्यावे

कोणी हंबरडा फोडतो, कोणी दगडासारखा बसून राहतो, कोणी मदत करणाऱ्यावरच ओरडतो. हे सारे नैसर्गिक आहे. ‘त्या रडतच नाहीत, काहीतरी करून रडवा’ असा आग्रह धरू नये. काय घडले ते खोदून विचारू नये. आपणहून सांगितले तर ऐकावे.

‘देवाची इच्छा’, ‘दुसरा मुलगा तरी वाचला’, ‘आता तुम्हीच खंबीर व्हा’ ही वाक्ये टाळावीत. ‘काकू, मी इथेच बसले आहे, काही लागलं तर सांगा’ एवढे पुरते.

अशा वेळी आम्हा डॉक्टरांकडे ‘झोपेचं इंजेक्शन द्या’ अशी मागणी हमखास होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली स्पष्ट सांगितले आहे की केवळ दुःखापोटी गुंगीच्या गोळ्या देऊ नयेत. दुःख हा आजार नव्हे. त्याऐवजी पाणी, चहा, दोन घास पोटात जातील असे पाहावे. घरातील वृद्धांच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या चुकत नाहीत ना, हे जरूर विचारावे. या धावपळीत त्याच आधी विसरल्या जातात.

मुलांना खरे सांगावे

‘बाबा गावाला गेलेत’ किंवा ‘झोपलेत’ असे सांगू नये. मूल वाट पाहत राहते किंवा झोपेलाच घाबरू लागते. ‘बाबा वारले, ते परत येणार नाहीत, पण आम्ही तुझ्याजवळ आहोत’ असे सोप्या शब्दांत सांगावे. लवकरात लवकर त्याला शाळेत पाठवावे.

तेराव्यानंतर

खरी परीक्षा येथून पुढे असते. येणारेजाणारे थांबतात, घर रिकामे होते. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रे, बँक, नुकसानभरपाईचा अर्ज यांसाठी कोणी बरोबर आले तर तो मोठा आधार असतो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावातल्याच महिला ‘संवाद सहायक’ झाल्या होत्या. शासन आणि घर यांच्यामधला तो दुवा होता. ‘जोडून द्या’ म्हणतात ते हेच.

पहिला सण, वर्षश्राद्ध, न्यायालयाचा निकाल यांनी दुःख पुन्हा उफाळते. स्फोटखटल्यात ज्यांना शिक्षा झाली होती, त्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडले. अशी बातमी येते तेव्हा १९ वर्षांनीही त्या घरांत जाऊन बसण्याची गरज असते.

डॉक्टरकडे केव्हा न्यावे?

‘मलाही जगायचं नाही’ असे कोणी बोलू लागले तर ते क्षणाचे बोलणे समजू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. दिवसेंदिवस अन्न न जाणे, दारू वाढणे, सहा महिने उलटूनही रोजचे व्यवहार अशक्य वाटणे, ही लक्षणे असली तरीही उपचार घ्यावेत. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तेथे मराठीत बोलता येते.

शेवटी स्वयंसेवकांसाठी एक सूचना. पाळ्या लावून काम करावे, स्वतः जेवावे, झोपावे, आणि पाहिलेले मनात न कोंडता सहकाऱ्याशी बोलावे. आपल्या हातून गेलेले माणूस परत येत नाही. पण मागे राहिलेल्यांना एकटे पडू न देणे आपल्या हाती आहे, आणि त्याला वैद्यकीय पदवी लागत नाही.